भिंतीच्या सावलीतला फुटबॉल

मे महिना लागला की माझा डावा पाय अस्वस्थ होतो. दुखत नाही, सुजत नाही, डॉक्टरला सांगण्यासारखं काहीच नाही. कूलरला नव्या ताट्या बसतात, ओल्या वाळ्याचा वास घरभर फिरतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि मी पोळ्या लाटता लाटता डाव्या पायानं ओट्याखालच्या सिलिंडरला हळूच टोले देत असते. माझी मुलगी जुई हे बघून हसते. पन्नाशीच्या बाईनं सिलिंडरला पास देणं हे तिच्या मते काही चांगलं लक्षण नाही. तिला कसं सांगणार, की माझ्या अंगात एक उन्हाळा राहून गेलाय आणि तो दरवर्षी याच दिवसांत जागा होतो.

जुई मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसते आणि उरलेला वेळ फुटबॉलपुढे. यंदा विश्वचषक तोंडावर आल्यामुळे घरात दुसरा विषय नाही. टीव्हीवर कोट घातलेली माणसं रोज एकच शब्द चघळतात, गोल्डन जनरेशन. कुठल्याशा चिमुकल्या देशात, जिथली सगळी माणसं आपल्या नागपुरात सहज मावतील, एकाच वेळी अर्धा संघ भरेल इतके असामान्य खेळाडू निपजले. ते कसे निपजले यावर चर्चा. एक जण म्हणतो, ही कित्येक वर्षांच्या आखणीची फळं आहेत. गावोगाव मैदानं, शिकलेले प्रशिक्षक, अगदी लहान पोरांपासून तयारी. दुसरा म्हणतो, कसली आखणी? अशी पोरं एका वेळी जन्माला आली हे त्या देशाचं नशीब. आखणी तर शेजारच्या देशानंही केली होती, त्यांच्या हाती काय लागलं?

जुई आखणीच्या बाजूची आहे. तिच्या नोकरीत प्रत्येक गोष्टीची आखणी असते, त्यामुळे असेल. आपल्या देशाची अशी पिढी कधी येणार हे तिला मनापासून जाणून घ्यायचं असतं, आणि ते विचारताना तिचा आवाज जरा हळवा होतो. मी नशिबाची बाजू घेते, ती मुख्यतः तिला चिडवायला. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. मी एक सोन्याची पिढी आतून पाहिलेली आहे. तिच्यात डावीकडून बचावाला मीच उभी असायची.

आता सोन्याची पिढी म्हणजे भलतंच काही डोळ्यांपुढे आणू नका. रेल्वेलाईनजवळची आमची वस्ती, तिथलं एक उजाड मैदान आणि त्यावर खेळणाऱ्या आम्ही दहावी-अकरावीच्या पोरी. पण त्या एका उन्हाळ्यानंतर आम्ही जिल्ह्यात कोणाकडूनही हरलो नाही. आमच्यातल्या काही जणी राज्याच्या संघात गेल्या आणि सुनंदा तर थेट भारताकडून खेळली. निळ्या जर्सीतला तिचा फोटो अजून वस्तीतल्या वाचनालयात लावलेला आहे. आमच्याआधी वस्तीतली एकही पोरगी खेळायला म्हणून घराबाहेर पडली नव्हती. आमच्यानंतर इतक्या पोरी खेळल्या, पण राज्याच्या संघातही कोणी गेली नाही. एकच पिढी आली आणि तिच्यामागे पुन्हा सगळं शांत झालं.

आम्हाला गोळा केलं ते रामटेके सरांनी. सर शाळेत पीटी शिकवायचे. उंच, वाळकुडे, गळ्यात कायम शिट्टी. मैदानाच्या पलीकडच्या कडेलाच त्यांचं घर. त्यांना स्वतःला फुटबॉल फार येत होता असं मुळीच नाही. त्यांनी मारलेला चेंडू कुठं जाईल हे त्या चेंडूलाही माहीत नसायचं. पण सरांना माणसं जोडता यायची, आणि मुख्य म्हणजे आयांना पटवता यायचं.

त्या वर्षी मेची सुट्टी लागल्याबरोबर सर घरोघर फिरले. पाय मोडेल, पोरं बघतील, हाफ पँट घालावी लागेल, हे सगळं आयांनी कसंबसं गिळलं. उन्हाचं मात्र काही केल्या गिळवेना. नागपूरच्या मे महिन्यात पोरगी मैदानावर धावणार म्हणजे रापून कोळसा होऊन येणार, आणि मग तिला बघायला पाहुणे आले की त्यांच्यापुढे चहाचा ट्रे घेऊन कोणाला पाठवायचं? माझ्या आईनं सरांच्या हातात चहाची कपबशी दिली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "खेळू द्या ना सर, आमचं काय जाते? पण पोरगी उन्हात गेली नाही पाहिजे. आधीच सावळी आहे."

सरांनी शब्द दिला. एकही पोरगी उन्हात पाय ठेवणार नाही. प्रत्येक घरी हाच शब्द, तेवढ्याच गांभीर्यानं. आणि या एका शब्दानं आमचा खेळ घडवला.

मैदानाच्या पूर्वेला कापसाच्या गोदामाची भिंत होती. उंच, लांबलचक, उघड्या विटांची. सूर्य तिच्यामागून उगवायचा, त्यामुळे सकाळी सगळं मैदान तिच्या सावलीत असायचं. मग ऊन वर चढायला लागायचं आणि सावली हळूहळू भिंतीकडे सरकायची. सरांचा नियम साधा होता. सावलीची कड हीच मैदानाची रेघ. चेंडू उन्हात गेला की तो समोरच्यांचा. पाय उन्हात पडला तरी चेंडू समोरच्यांचा. सर शिट्टी घेऊन त्या कडेवर उभे राहायचे आणि चेंडूकडे न बघता आमच्या पायांकडे बघायचे. सुरुवातीला काही आया रस्त्यावर येऊन खात्री करून जायच्या. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी, नजर सावलीच्या कडेवर. असे पंच मी नंतर कुठल्याही स्पर्धेत पाहिले नाहीत.

म्हणजे आमचं मैदान रोज सकाळी मोठं असायचं आणि बघता बघता लहान होत जायचं. आधी अर्धं, मग एखाद्या बोळाएवढं, शेवटी घरापुढच्या ओसरीएवढं. पोरी मात्र तेवढ्याच. एकमेकींचे कोपर बरगडीत, घामाचा आणि तापलेल्या विटांचा वास, गोदामातून उडालेली कापसाची तुसं ओठांना चिकटलेली. अशा गर्दीत चेंडू पायाशी ठेवून विचार करत बसायची सोयच नव्हती. चेंडू यायच्या आधी तो कुठं द्यायचा हे ठरलेलं असावं लागे. लांब फटका मारणं म्हणजे गुन्हा, कारण लांब म्हणजे ऊन. पुढे जायला वाट नसली की भिंतीला पास द्यायचा आणि तिच्याकडून परत घ्यायचा. भिंत कधी दमायची नाही, कधी रुसायची नाही. आमच्या संघातली ती सगळ्यात भरवशाची खेळाडू होती.

खेळून झालं की रांजणाचं पाणी, सरांच्या घरून आलेलं कैरीचं पन्हं, आणि मग तोंडाला दुपट्टे गुंडाळून घरी. घरी आई माझा चेहरा उजेडाकडे वळवून बघायची, जशी भाजीवाल्याकडची वांगी बघायची तशी. मग बेसन आणि साय. मी दातओठ खात बसून राहायची. त्या काळात मला माझा चेहरा नकोसा झाला होता. नंतरही बरीच वर्षं मी आरशात सगळ्यात आधी रंगच बघायची. ज्या भीतीनं माझ्याशी असं केलं, त्याच भीतीनं मला फुटबॉल शिकवला. हे मला अजिबात आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्यांदा खरं मैदान पाहिलं. हिरवं, चुन्याच्या रेघांचं, आणि चारही बाजूंनी मोकळं. सासरच्या एका खोलीतून माहेरच्या अंगणात आल्यासारखं वाटलं. समोरच्या पोरी आमच्यापेक्षा उंच, दणकट, बूट घातलेल्या. पण त्यांना चेंडू मिळेचना. आम्ही ओसरीएवढ्या जागेत शिकलेलं सगळं त्या अख्ख्या मैदानावर पसरून ठेवलं होतं. आम्हाला स्वतःलाच आमचं आश्चर्य वाटत होतं.

हे मी जुईला सांगितलं तेव्हा ती एकदम सावरून बसली. म्हणाली, आता परदेशात प्रशिक्षक मुद्दाम लहान मैदानं आखतात, पोरांना दाटीवाटीत खेळायला लावतात, हे तर शास्त्र आहे. मला हसू आलं. आमच्या आयांनी तेच फुकटात केलं होतं, आणि त्यांच्या मनात फुटबॉल कुठंच नव्हता. मग हे कोणाच्या खात्यावर टाकायचं? सरांच्या शब्दाच्या, की आयांच्या धास्तीच्या, की ज्या ठेकेदारानं ती भिंत नेमकी पूर्वेला बांधली त्याच्या? शिवाय आम्ही सगळ्या एका वयाच्या होतो त्याचं काय? गोदामात कामाला लागलेली, नुकती लग्नं झालेली जोडपी एकदमच वस्तीत राहायला आली, म्हणून आम्ही मागे-पुढे जन्मलो. हे नशीबच. टीव्हीवरच्या माणसांना मी विचारीन म्हणते, की तुमच्या आखणीत पोरगी काळी पडेल ही भीती कुठल्या रकान्यात बसते?

आणि शालिनी कुठल्या रकान्यात बसते?

सुनंदा भारताकडून खेळली, पण आमच्यात पहिली होती ती शालिनी. हे सुनंदाही सांगते, न विचारता सांगते. शालिनीच्या पायाला चेंडू लागला की तो तिथंच राहायचा, पाळलेल्या मांजरीसारखा. तिला धावताना पाहून रस्त्यावरच्या आयासुद्धा सावलीची कड विसरायच्या. ती बुटकी होती, हसताना तोंडावर हात धरायची आणि हरली की दोन दिवस कोणाशी बोलायची नाही. तिची आई त्या गोदामातच कापूस निवडायला जायची, त्यामुळे शालिनीचा चेहरा उजेडात धरून बघायला घरी कोणी नसायचं.

मे संपत आला होता. निवड चाचणी तोंडावर होती. त्या दिवशी सावली भिंतीत जिरली, खेळ थांबला, आम्ही दुपट्टे गुंडाळून घरी निघालो, सरही घरात गेले. शालिनी थोड्या वेळानं परत आली. एकटीच भिंतीवर चेंडू मारत राहिली. लू सुटली होती. तव्यासारख्या तापलेल्या विटा समोर आणि पाठीवर ऊन. किती वेळ ती खेळत होती कोणास ठाऊक. सर काहीतरी आणायला दाराबाहेर आले तेव्हा त्यांना चेंडू एकीकडे आणि ती दुसरीकडे दिसली. तिला हातांवर घेऊन ते अनवाणी रस्त्यापर्यंत धावले. तिच्या डोक्याला हात लावला तर चटका बसत होता, एवढंच पुढे कधीतरी ते बोलले.

शालिनी वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती. पण त्यानंतर तिला ऊन सोसेना ते सोसेनाच. जरा तापलं की भोवळ यायची. आता ती कामठीला असते, सुनेबरोबर भांडत, नातीबरोबर खेळत, चांगली आनंदात असते. मेमध्ये आमच्याकडे लग्न असलं की ती फक्त संध्याकाळच्या जेवणाला येते. आमच्या जिंकलेल्या संघाचा जो फोटो आहे त्यात ती नाही. फोटो बघणाऱ्याला कोणी कमी आहे असं वाटतही नाही.

त्याच पावसाळ्यात सरांनी मैदानाच्या पश्चिमेला, आपल्या घराच्या बाजूनं, कडुनिंबाची रोपं लावली आणि सकाळचा खेळ बंद करून टाकला. पुढच्या वर्षापासून खेळ संध्याकाळी. उन्हाळ्यात रोज बादल्या भरभरून ते रोपांना पाणी घालायचे. आम्ही पुढे गेलो, लग्नं झाली, पांगलो. झाडं वाढली. आता दुपार कलली की त्यांची सावली पार गोदामाच्या भिंतीपर्यंत जाते आणि सगळं मैदान गारव्यात असतं.

जुई लहान असताना मी तिला तिथंच पाठवलं. तिला आणायला गेले की झाडाखाली उभी राहून मी खेळ बघायची. पोरी मोकळ्या धावायच्या, लांब लांब फटके मारायच्या, चेंडूमागे पळताना खिदळायच्या. केसांत निंबोळ्या अडकलेल्या. कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत हरून यायच्या आणि येताना बसमध्ये गाणी म्हणायच्या. मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं, काय हरवलंय ते. सावली इतकी झाली होती की जागेसाठी कोणाला झगडावंच लागत नव्हतं. भिंतीकडे कोणी चेंडू मारत नव्हतं. आमच्यासारखी पिढी पुन्हा झाली नाही याला सरांची ही झाडं कारण होती, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. सरांना मात्र मी हे कधी बोलले नाही. ज्या माणसानं बादल्या वाहून झाडं जगवली त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. मिहानकडे कुठलीशी नवी अकादमी निघाली आहे. तिच्या उन्हाळी शिबिरात सरांना बोलावलंय. सोन्याची पिढी कशी घडवली, हे पोरांना आणि त्यांच्या आईबापांना सांगायचं. सरांचा आवाज थकलेला होता. म्हणाले, जरा येऊन जा, बोलायचं आहे.

संध्याकाळी गेले. सर दारापुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. आता फार वाळले आहेत. मैदानावर पोरींचा खेळ चालू होता, शिट्टी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात होती. मला मठ्ठा दिला, जुईची चौकशी केली, सुनंदाची केली. मग काही वेळ खेळ बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "माया, खरं सांग. तुम्ही तशा कायनं झाल्या वं?"

नशीब म्हणावं तर त्यांच्या सगळ्या आयुष्याची मेहनत फुकट ठरणार. तुमच्यामुळे म्हणावं तर मग पुन्हा एकदाही का जमलं नाही, हा काटा त्यांना टोचणार. आणि भिंत म्हणावं तर समोर झाडं उभी. मी सोपी वाट धरली. म्हटलं, "नशीबच सर. सगळ्या एकाच वयाच्या जमलो, दुसरं काय."

सर हसले. "काहून खोटं बोलून राहिली? मले माहीत आहे ना, भिंत होती ते. झाडं जरा मोठी झाली, पोट्ट्या मोकळ्या खेळाले लागल्या, तवाच समजलं मले."

इतकी वर्षं मी जे त्यांच्यापासून जपून ठेवलं होतं, ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं. ते सांगत राहिले. भिंत तर तिथंच होती, सकाळचा खेळ पुन्हा सुरू करणं काही अवघड नव्हतं. एक-दोन वर्षी मेमध्ये ते ठरवून पहाटे उठलेही होते. शिट्टी घेऊन भिंतीपाशी उभे राहिले की हाताला शालिनीचं डोकं लागायचं. मग घरी परत यायचे आणि झाडांना पाणी घालायचे.

"मले पिढी कशी झाली ते नाही विचारायचं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत ज्या पोट्ट्या आल्या, त्याईचं मी नुकसान केलं का, ते सांग. त्याच्यातली एखादी देशाकडून खेळली असती. मी तिले झाडाखाली ठेवलं."

हा प्रश्न टीव्हीवर कोणी कोणाला विचारत नाही. देशाची अशी पिढी कशी आणायची यावर सगळे बोलतात, आणि ती आलीच पाहिजे हे धरून बोलतात. मीही तसंच धरून चालले होते. मला तो उन्हाळा आठवला, ओठांवरची तुसं आठवली, भिंतीकडून परत आलेला चेंडू पायात घेताना अंगातून जे सरसरत जायचं ते आठवलं. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं सुंदर फार थोडं झालं आहे. आजही कोणी म्हटलं तर या वयात मी त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहीन. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण सरांनी माझ्याबद्दल विचारलं नव्हतं.

"सर, जुईले मी तुमच्याकडं पाठवलं होतं," मी म्हटलं.

"हाव ना. चेंडू सोडून सगळ्याईच्या मागं धावे ते."

"भिंतीपाशी खेळ चालू असता, तर नसती पाठवली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मैदानावरच्या एका पोरीनं जोरात फटका मारला, चेंडू आमच्या पायांशी येऊन थांबला, आणि ती धावत येऊन घेऊन गेली. मग सरांनी विचारलं, शिबिरात सोबत येशील का, त्या लेकरांच्या मायबापांसमोर हे एवढंच बोलशील का. मी म्हटलं, येते.